शंभर माश्यांमागे किती कोळी?

जानेवारीच्या मध्यास परभणीहून जिंतूरच्या दिशेने निघाले, की ज्वारी-हरभऱ्याच्या हिरव्या पट्ट्यांमधून अधूनमधून करडईचे पिवळे-केशरी तुकडे डोळ्यांत भरतात. करडईचे क्षेत्र पूर्वीपेक्षा पुष्कळ घटले असले, तरी मराठवाड्याच्या काळ्या रानाशी या काटेरी पिकाचे नाते जुने आहे. परभणीच्या कृषी विद्यापीठाने शेतकऱ्यांच्या हाती दिलेले 'परभणी कुसुम' हे वाण याच मातीतले. अशा एखाद्या शेताच्या बांधावर, निंबाच्या सावलीत, मधमाश्यांच्या दहा-वीस पेट्या ओळीने मांडलेल्या असाव्यात. पेटीच्या दारातून माश्यांची ये-जा अखंड चाललेली असते, परतणाऱ्यांच्या पायांना परागाचे पिवळे गोळे चिकटलेले असतात आणि कान लावला तर आतून एकसुरी गुंजारव ऐकू येतो. पाहणाऱ्यास वाटावे, सारे काही उत्तम चालले आहे.

नेमके येथेच मधपाळ फसतो. मधमाश्यांच्या वसाहतीवर जगणारा 'वरोआ' नावाचा कोळी पेटी भरभराटीत असतानाच सर्वाधिक वेगाने वाढत असतो, आणि तेव्हाच तो सर्वांत कमी दिसतो. करडई संपते, ऊन तापू लागते, फुले आटतात, राणी अंडी घालणे कमी करते. माश्यांची संख्या उतरणीला लागते. कोळ्यांची मात्र उतरत नाही. जानेवारीत शंभर माश्यांमागे तीन असलेले कोळी एप्रिलमध्ये आठ-दहा झालेले असतात आणि एके दिवशी पेटी उघडावी तर आत मूठभर माश्या, एखादी केविलवाणी राणी आणि वाळलेली पोळी. दोष बहुधा उन्हाला किंवा शेजारच्या फवारणीला दिला जातो. तो कधीकधी खराही असतो. परंतु कोळी मोजलेच नसतील, तर खरे कारण कोणते हे सांगण्यास काहीही आधार उरत नाही.

कोळी म्हटले की शहरी वाचकाच्या डोळ्यांसमोर जाळे विणणारा आठ पायांचा जीव येतो. येथे अभिप्रेत आहे तो त्याच्या दूरच्या कुळातला, गोचिडाचा जवळचा आप्त. शेतकरी पिकावरील 'लाल कोळी' ओळखतो, हा माशीवरचा कोळी. वरोआची मादी तांबूस-तपकिरी, चपटी, आडवी लंबगोल असते. रुंदी सुमारे दीड मिलिमीटर, म्हणजे खसखशीच्या दाण्याहून किंचित मोठी. आकार क्षुल्लक वाटतो. पण माशीच्या देहाशी तुलना केली तर माणसाच्या अंगावर जेवणाच्या ताटाएवढा जीव चिकटून राहावा, तसा हा प्रकार. तो माशीचे रक्त शोषतो असे दीर्घकाळ मानले जात असे. २०१९ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने दाखवून दिले, की त्याचे मुख्य भक्ष्य म्हणजे माशीच्या शरीरातील चरबीयुक्त ऊती. माशीच्या बाबतीत या ऊती आपल्या यकृताचे काम करतात: अन्न साठविणे, विषाचा निचरा, रोगप्रतिकार. ज्या माशीच्या या ऊती पोखरल्या गेल्या, तिला कीटकनाशकाचा अल्प अंशही पेलवत नाही. शिवाय कोळ्याबरोबर विषाणू येतात. पंख चुरगळलेल्या, उडू न शकणाऱ्या, पेटीसमोर सरपटणाऱ्या तरुण माश्या दिसल्या, की 'पंखविकृती विषाणू'चा संसर्ग मोठ्या प्रमाणावर झाला आहे, आणि त्यामागे कोळी आहे, असे समजावे.

या कोळ्याची मूळ कथा आशियातली आहे. १९०४ मध्ये ऑडेमान्स या डच शास्त्रज्ञाने जावा बेटावरील नमुन्यांवरून त्याच्या एका जातीचे वर्णन केले. नाव दिले ते वॅरो या प्राचीन रोमन पंडिताच्या स्मरणार्थ. शेतीवर लिहिताना त्याने मधमाशीपालनाचाही विचार केला होता. तेथे कोळ्याचा यजमान होती आशियाई मधमाशी, म्हणजेच सह्याद्रीच्या रानात 'सातेरी' म्हणून ओळखली जाते ती. सातेरी आणि वरोआ यांचा संसार फार पुरातन, आणि जुन्या शेजाऱ्यांप्रमाणे दोघांनी एकमेकांच्या मर्यादा ओळखलेल्या. सातेरीत हा कोळी जवळजवळ केवळ नरांच्या कोठड्यांत प्रजनन करू शकतो, आणि नर वर्षातील ठरावीक काळातच असतात. शिवाय सातेरी माश्या एकमेकींच्या अंगावरील कोळी वेचून काढतात.

बिघडले ते युरोपीय मधमाशी, 'मेलिफेरा', आशियात आल्यावर. मधाचे भरघोस उत्पादन देणारी, पेटीत मुकाट्याने राहणारी ही माशी. परंतु वरोआशी तिची ओळखच नव्हती. विसाव्या शतकाच्या मध्याच्या सुमारास पूर्व आशियात कोळी सातेरीकडून मेलिफेरावर गेला आणि तेथे त्याला नरांबरोबरच कामकरी माश्यांच्या कोठड्याही खुल्या झाल्या. हा यजमान बदललेला कोळी जावातल्यापेक्षा वेगळ्या जातीचा असल्याचे २००० मध्ये स्पष्ट झाले व त्याला 'विनाशक' या अर्थाचे लॅटिन नाव मिळाले. भारतात मेलिफेरा यशस्वीपणे रुजली ती १९६०च्या दशकात, हिमाचल प्रदेशातील नगरोटा बगवाँ आणि नंतर पंजाबात. आणि या शतकाच्या पहिल्या दशकात उत्तर भारतातील मधपाळांनी वरोआचा मोठा तडाखा अनुभवला.

परभणी जिल्ह्यात सातेरीला मानवेल असे दाट रान फारसे नाही. उघड्या माळावर, शेतशिवारात वावर अधिक तो आग्या आणि फुलोरी या रानमाश्यांचा, आणि त्या पेटीत राहत नाहीत. साहजिकच पेटीत पाळावयाची म्हटली की येथे मेलिफेराच येते. म्हणजे कोळ्यापुढे जी सर्वांत असहाय, तीच.

कोठडीतला कारभार

तपासणी का आणि कशी करावी हे समजण्यासाठी बंद कोठडीच्या आत काय घडते ते पाहावे लागते. राणीने अंडे घातल्यापासून कामकरी माशी एकवीस दिवसांत बाहेर पडते. यांपैकी शेवटचे सुमारे बारा दिवस कोठडीला मेणाचे टोपण असते. टोपण पडण्यापूर्वी काही तास कोळ्याची मादी हळूच आत शिरते आणि अळीच्या अन्नात बुडून दडून राहते. टोपण पडल्यावर साधारण अडीच-तीन दिवसांनी ती पहिले अंडे घालते. त्यातून नर निघतो. त्यानंतर सुमारे तीस तासांच्या अंतराने एकेक मादीची अंडी. भावंडांचा समागम त्या बंद कोठडीतच उरकतो. माशी टोपण कुरतडून बाहेर येते तेव्हा तिच्याबरोबर आई-कोळी आणि एखाद-दुसरी प्रौढ मुलगी बाहेर पडते. नर आणि अर्धवट वाढलेली पिले आतच मरतात. नरमाशीची कोठडी दोन-तीन दिवस अधिक काळ बंद राहते, म्हणून तेथे कोळ्याला अधिक मुली मिळतात व म्हणूनच त्याची पहिली पसंती नराच्या कोठडीला.

यातून एक महत्त्वाची गोष्ट निष्पन्न होते. पेटीत पिले असतील, तेव्हा एकूण कोळ्यांपैकी दोन-तृतीयांशाहून अधिक कोळी टोपणाखाली असतात. माश्यांच्या अंगावर दिसतो तो उरलेला अंश. तोही पाठीवर नव्हे, तर बहुधा पोटाच्या खालच्या बाजूस, पट्ट्यांच्या खाचेत दडलेला. त्यामुळे 'चौकट काढून पाहिली, कोळी कोठे दिसला नाही' या वाक्याला पुरावा म्हणून किंमत नाही. माशीच्या पाठीवर कोळी सहज नजरेस पडू लागले, याचा अर्थ वेळ बहुतेक निघून गेली आहे असा होतो. मोजणे एवढाच मार्ग उरतो.

तीनशे माश्यांचा नमुना

मोजण्याची सर्वांत प्रचलित पद्धत पिठीसाखरेची. साहित्य घरगुतीच: रुंद तोंडाची बरणी, तिच्या झाकणाऐवजी सुमारे तीन मिलिमीटर छिद्रांची जाळी, दोन चमचे कोरडी पिठीसाखर, पांढरा ट्रे आणि थोडे पाणी. पेटीच्या मधल्या भागातून, जेथे उघडी व बंद पिले आहेत अशा चौकटी घ्यावयाच्या. कारण पिलांना भरविणाऱ्या तरुण माश्यांवरच कोळी अधिक असतात. प्रथम राणी शोधून तिची चौकट बाजूस ठेवावयाची. या एका पायरीत घाई केली, तर तपासणीच पेटीच्या मुळावर येते. मग दोन चौकटी घमेल्यात झटकावयाच्या. वयस्क माश्या उडून जातात, तरुण तळाशी राहतात. अर्धा कप मापाने त्या उचलल्या, की अंदाजे तीनशे भरतात. बरणीत त्यांच्यावर साखर घालून बरणी मिनिटभर हलक्या हाताने फिरवावयाची, दोन-तीन मिनिटे सावलीत ठेवावयाची आणि मग उलटी करून ट्रेवर जोरात हलवावयाची. साखरेच्या बारीक कणांमुळे कोळ्याच्या पायांची पकड सुटते. ट्रेमध्ये पाणी शिंपडले, की साखर विरघळते आणि तांबूस ठिपके पांढऱ्यावर स्पष्ट उमटतात. आलेल्या संख्येला तिनाने भागावे, म्हणजे शंभर माश्यांमागचे प्रमाण कळते. माश्या पीठ लागलेल्या अवस्थेत पेटीत परततात आणि बहिणी त्यांना चाटून स्वच्छ करतात.

पद्धत सुटसुटीत खरी, पण तिला हवेची अट आहे. जुलै-ऑगस्टच्या दमट दिवसांत साखर ओलसर होऊन गुठळ्या होतात आणि कोळी सुटत नाहीत. मग संख्या कमी येते व मधपाळ निश्चिंत होतो. पावसाळ्यात म्हणूनच साबणाच्या पाण्याची किंवा स्पिरिटची पद्धत अधिक भरवशाची. तेवढ्याच तीनशे माश्या पाण्यात भांडी धुण्याचा द्रव साबण मिसळून मिनिटभर खळबळावयाच्या आणि दुहेरी चाळणीतून गाळावयाच्या: वर माश्या, खाली कोळी. येथे माश्या मरतात, आणि अनेक मधपाळांचा हात याच ठिकाणी अडखळतो. वीस हजार माश्यांच्या वसाहतीत तीनशे म्हणजे शेकडा दीड. हंगामात राणी दिवसाला हजाराच्या वर अंडी घालते, म्हणजे काही तासांची भरपाई. तीनशे माश्या वाचविण्याच्या दयाबुद्धीपायी पुढे सारी पेटी गमावणे, हा सौदा दयेच्या हिशेबानेही तोट्याचाच आहे.

तिसरी रीत पेटीच्या तळाशी जाळीखाली व्हॅसलीन फासलेला पांढरा पुठ्ठा सरकवून दिवसाकाठी किती कोळी पडतात ते मोजण्याची. तिच्यात पेटी उघडावी लागत नाही, हा फायदा. मात्र मुंग्या पडलेले कोळी उचलून नेतात आणि आकडा फसवा होतो. पेटीच्या पायांखाली पाण्याच्या वाट्या ठेवल्या नसतील तर या रीतीच्या वाटेस न जाणे बरे.

आता आकड्याचा अर्थ. शंभर माश्यांमागे एक किंवा त्याहून कमी कोळी असेल तर लक्ष ठेवून थांबावे. दोन ते तीनच्या घरात गेला, तर उपाय करावा, हा जगभर बहुतेक ठिकाणी स्वीकारलेला संकेत आहे. तीन हा आकडा ऐकावयास किरकोळ वाटतो. पण वीस हजार माश्यांच्या पेटीत तो उघड्यावरचे सहाशे कोळी सांगतो, आणि टोपणाखालचे धरले तर एकूण अठराशेच्या वर. पिले असतील तर ही संख्या महिन्याभरात दुपटीकडे जाऊ शकते. एकाच ओळीतल्या दोन पेट्यांत मोठी तफावत आढळते, म्हणून वीसपैकी एकच पेटी तपासून समाधान मानता येत नाही; आठ-दहा तरी पाहाव्या लागतात.

आग्याकडून आलेला दुसरा कोळी

इथवरची माहिती युरोप-अमेरिकेतील कोणत्याही पुस्तकात सापडेल. परभणीच्या मधपाळाची अडचण त्या पुस्तकांच्या पलीकडची आहे. उंच झाडांवर, पुलांखाली, पाण्याच्या टाक्यांना लटकणारी आग्यामोहोळे हे आपल्याकडचे परिचित दृश्य. या आग्या माशीचा स्वतःचा एक कोळी आहे: 'ट्रोपिलीलॅप्स'. १९६१ मध्ये फिलिपाईन्समधील नमुन्यांवरून या गटातील पहिल्या जातीचे वर्णन झाले. मेलिफेराला उपद्रव देणारी, भारतातही आढळणारी जात वेगळी असल्याचे २००७ मध्ये निश्चित झाले. हा वरोआपेक्षा लहान, एक मिलिमीटरहून कमी, लांबट, फिकट तपकिरी आणि पोळ्यावर कमालीच्या वेगाने धावणारा. फुलोऱ्याच्या हंगामात आग्या आणि मेलिफेरा एकाच शेतावर येतात. जेथे ही शेजारधर्माची गाठ पडते, तेथे हा कोळी मेलिफेराच्या पेटीतही शिरतो.

त्याची खोड अशी, की मोठ्या माशीचे कठीण कवच त्याला भेदता येत नाही. तो खातो केवळ अळी आणि कोश. पिले नसतील तर तो माश्यांच्या अंगावर साधारण दोन-तीन दिवसच तग धरतो. साहजिकच तो माश्यांवर जवळपास नसतोच. सगळा वेळ पिलांच्या पोळ्यात. म्हणून पिठीसाखरेने तीनशे माश्या झटकल्या, आकडा शून्य आला, तरी या दुसऱ्या कोळ्याने पोळे पोखरलेले असू शकते. वाढीचा वेगही वरोआहून अधिक. एकाच तपासणीवर विसंबणारा मधपाळ येथे पुरता चकतो.

त्यासाठी वेगळी रीत आहे. पिलांची चौकट बाहेर काढून माश्या ब्रशने अलगद खाली उतरवाव्यात, चौकट आडवी धरून पांढऱ्या ट्रेच्या कडेवर एकदा एका बाजूने, एकदा दुसऱ्या बाजूने ठणकावून आपटावी. टोपणाबाहेर भटकणारे कोळी ट्रेमध्ये पडतात आणि लगेच पळू लागतात, त्यामुळे मोजणाऱ्याची नजर तयार असावी लागते. सोबत शंभरेक बंद कोठड्या काट्याने किंवा बारीक चिमट्याने उघडून पाहाव्यात. गुलाबी डोळ्यांच्या पांढऱ्या कोशांवर दोन्ही कोळी स्पष्ट दिसतात. कष्टाचे काम आहे, आणि पन्नाशी ओलांडलेल्या मधपाळाला भिंगाशिवाय जमत नाही. खचलेली किंवा भोके पडलेली टोपणे आणि विरळ, ठिगळे लावल्यासारखे दिसणारे पिलांचे पोळे या खुणा दिसल्या, तर ही तपासणी टाळूच नये.

या कोळ्याची जी दुर्बलता, तीच त्याच्यावरचा उपायही होते. राणीला पिंजऱ्यात बंद करून सुमारे साडेतीन आठवडे अंडी घालू दिली नाहीत, तर पेटी पिलांविना राहते आणि ट्रोपिलीलॅप्स उपाशी मरतो. वरोआ मात्र मोठ्या माश्यांवर अनेक आठवडे जगतो. परंतु त्या अवस्थेत तो टोपणाआड दडलेला नसतो, सारा उघड्यावर असतो आणि औषध त्याच्यापर्यंत पोहोचते. ऑक्झॅलिक आम्लाचा उपयोग अशाच वेळी होतो, कारण ते टोपणाच्या आत शिरत नाही.

परभणीचे पंचांग

थंड देशांत कडक हिवाळा राणीचे अंडी घालणे थांबवितो आणि कोळ्याला आपोआप खीळ बसते. मराठवाड्यात तसा हिवाळा नाही. डिसेंबर-जानेवारीत परभणीचे किमान तापमान पुष्कळ खाली उतरते, पण दुपार उबदार असते आणि तूर, ज्वारी, करडई, धने यांच्या फुलांमुळे पिले वाढतच राहतात. विसावा मिळालाच तर उलट्या बाजूने: निंब-करंज फुलून गेल्यानंतरच्या कडक उन्हाळ्यात आणि पुन्हा भर पावसात, जेव्हा शिवारात फुले नसतात. त्यामुळे परदेशी वेळापत्रक उचलून येथे लावणे निरुपयोगी.

उपायाचेही तेच. फॉर्मिक आम्लाची वाफ टोपणाच्या आड दडलेल्या कोळ्यापर्यंत पोहोचते, हा तिचा मोठा गुण. पण तापमान तिशीच्या वर गेले, की वाफ एकदम सुटते आणि पिले व राणी दोन्ही धोक्यात येतात. परभणीत मार्चपासून पारा चढतो आणि मे महिन्यात बेचाळिसाच्या पुढे जातो. म्हणजे हे आम्ल वापरण्याजोगा काळ जेमतेम थंडीचा. आणि थंडीतच मधाचा हंगाम! मधकोठ्या चढविलेल्या असताना औषध घालू नये, हा नियम मध खाणाऱ्याच्या हितासाठी आहे, त्यात तडजोड नाही. या पेचातून वाट निघते ती तूर फुलण्यापूर्वी, सप्टेंबर-ऑक्टोबरच्या तपासणीने. पावसाळ्यातून निघालेली पेटी त्या वेळी मोजली, गरज असल्यास थंडाव्याच्या वेळी उपाय केला, तर रब्बीचा फुलोरा निर्वेध मिळतो. दुसरी मोजणी मध काढून झाल्यावर, फेब्रुवारीअखेर वा मार्चमध्ये. तिसरी मेच्या टंचाईत, पिले कमी असताना. यांपैकी पहिलीच चुकली, की उरलेल्या दोन केवळ नुकसान मोजण्याच्या होतात.

उत्तर भारतात गंधकाची भुकटी चौकटींवर शिंपडण्याची रीत चालते. फ्लुव्हॅलिनेट या कीटकनाशकाच्या पट्ट्याही अनेक ठिकाणी वापरल्या गेल्या. परंतु एकच औषध वर्षानुवर्षे वापरल्याने कोळी त्याला दाद देईनासा होतो आणि औषधाचे अंश मेणात साठत जातात, हा अनुभव जगभरचा आहे. मात्रा ठरविताना दुकानदाराच्या सल्ल्यापेक्षा वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाचा कीटकशास्त्र विभाग, जवळचे कृषी विज्ञान केंद्र किंवा पुण्याची केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्था यांचा सल्ला घेणे श्रेयस्कर. आणि औषधानंतर दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा मोजले नाही, तर ते लागू पडले की नाही हे कळणार कसे? आश्चर्य असे, की औषधावर खर्च करणारे पुष्कळ. दुसऱ्यांदा मोजणारे थोडे.

विष की कोळी?

परभणीत या मोजणीला आणखी एक उपयोग आहे, तो शेतकरी आणि मधपाळ यांच्यातील भांडणाशी संबंधित. कपाशी-सोयाबीनवर पावसाळ्याच्या उत्तरार्धात, तुरीवर ऐन फुलोऱ्यात शेंगा पोखरणाऱ्या अळीसाठी, हरभऱ्यावर घाटेअळीसाठी फवारण्या होतात. पेट्या मेल्या की मधपाळ शेतकऱ्याकडे बोट दाखवितो आणि शेतकरी 'तुमच्याच माश्या रोगट होत्या' म्हणतो. दोन्हींची लक्षणे वेगळी आहेत. विषबाधा एका-दोन दिवसांत होते. दारासमोर मेलेल्या माश्यांचा खच पडतो, अनेकींची सोंड बाहेर आलेली असते, आणि मरतात त्या प्रामुख्याने बाहेर फिरणाऱ्या माश्या. कोळ्याचा घात आठवड्यांचा; चुरगळलेले पंख, सरपटणाऱ्या माश्या, पोळ्यात मेलेली पिले, आणि शेवटी मृतांचा ढीग न दिसताच ओस पडलेली पेटी. दोन्ही एकत्र असली तर मात्र ओळख कठीण होते, कारण कोळ्याने पोखरलेली माशी थोड्या विषानेही मरते. अशा वेळी तारीखवार मोजणीची वही जवळ असलेल्या मधपाळाच्या शब्दाला वजन येते. पंधरा दिवसांपूर्वी शंभरामागे अर्धा कोळी होता असे जो दाखवू शकतो, त्याला 'रोगट माश्या' हे उत्तर देता येत नाही.

शहरातल्या वाचकाला हे सारे दूरचे वाटण्याचा संभव आहे. सूर्यफुलाचे दाणे भरणे, कांद्याचे बी तयार होणे, तुरीच्या फुलाची शेंग होणे यांत मधमाशीचा वाटा किती, हे पीकपरत्वे बदलते. करडई बरीचशी स्वतःच्याच परागावर भागविते, कांद्याच्या बियाण्याला मात्र माशीवाचून चालत नाही. म्हणूनच पेट्या भाड्याने ठेवण्याचा व्यवहार वाढत आहे. आणि भाड्याची पेटी एका जागी राहत नाही. फुलोऱ्यामागे ती ट्रकवरून शेकडो किलोमीटर जाते, जाताना आपले कोळी घेऊन जाते. एखादी वसाहत खचली, की शेजारच्या पेट्यांतील माश्या तिचा उरलासुरला मध लुटण्यास जातात आणि मधाबरोबर कोळी अंगावर घेऊन घरी परततात. ओळीतला एक मधपाळ मोजत नसेल, तर मोजणाऱ्या इतरांनाही त्याची किंमत मोजावी लागते.

ऑस्ट्रेलिया या आघाताचा ताजा नमुना आहे. वरोआपासून मुक्त राहिलेल्या या देशात जून २०२२ मध्ये न्यूकॅसल बंदराजवळ पाळतीसाठी ठेवलेल्या पेट्यांच्या नित्य तपासणीत कोळी सापडला. हजारो पेट्या नष्ट करण्यात आल्या. तरीही सप्टेंबर २०२३ मध्ये निर्मूलनाचा प्रयत्न सोडून कोळ्यासह जगण्याचे धोरण स्वीकारावे लागले. ट्रोपिलीलॅप्सही आता आशियाच्या जुन्या सीमा ओलांडून रशिया व जॉर्जियापर्यंत पोहोचला आहे, आणि युरोपातील मधपाळ चौकट ट्रेवर आपटण्याची रीत नव्याने शिकत आहेत.

भारतात या दोन्ही कोळ्यांशी मधपाळांची गाठ अनेक दशके आहे, पण मोजण्याची सवय लागलेली नाही. राज्य खादी व ग्रामोद्योग मंडळाची मधकेंद्र योजना, केंद्राचे राष्ट्रीय मधमाशीपालन व मध अभियान यांमुळे पेट्या वाटल्या गेल्या, प्रशिक्षणेही झाली. २०२१ पासून 'मधुक्रांती' पोर्टलवर मधपाळांची नोंदणी होऊ लागली. नोंद होते ती मालकाची आणि पेट्यांच्या संख्येची. पेटीतल्या कोळ्यांची नोंद ठेवावयाची तर ती मधपाळाच्याच वहीत. तिला चार रकाने पुरतात: पेटीचा क्रमांक, तारीख, साखरेच्या नमुन्यातून शंभर माश्यांमागे आलेले वरोआ, आणि चौकट आपटल्यावर ट्रेमध्ये पडलेले ट्रोपिलीलॅप्स. पाचवा रकाना हवाच असेल, तर शेजारच्या शेतात कोणत्या दिवशी काय फवारले त्याचा.